समुद्रात डोकं घातलं, पण दिसलं निळं धुकं

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांचे लक्षद्वीपमधले स्नॉर्केलिंगचे फोटो आले. अगत्ती आणि बंगाराम या तिथल्या बेटांची नावं ज्यांनी कधी ऐकली नव्हती, तेही त्यानंतर परमिटची चौकशी करू लागले. मालवण-तारकर्लीत तर त्याआधीच ऑक्टोबर ते मे होड्यांची रांग लागत होती. पण परत येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं गाऱ्हाणं सारखंच असतं. फोटोत होतं तसं काही नव्हतं, सगळं निळं-हिरवं, पट्ट्यापट्ट्यांचे चार मासे, आणि बघताबघता वर काढलं.

गंमत अशी की त्याच पाण्यात, त्याच दहा मिनिटांत सोबतच्या गाइडला खडकाच्या फटीतली शेवंड (लॉब्स्टर) दिसते, वाळूत पुरलेलं पाकट (स्टिंगरे) दिसतं, आणि दगडच वाटणारा एक मासाही दिसतो. यात नशिबाचा भाग थोडाच. पाण्यात प्रकाश, डोळा आणि श्वास जमिनीवरच्यासारखे वागत नाहीत. ते कसे वागतात हे कळलं, की त्याच जागी चौपट दिसायला लागतं.

दोन शब्द आधी स्पष्ट करू. पृष्ठभागावर पालथं तरंगत, तोंड पाण्यात आणि नळीचं टोक हवेत ठेवून बघणं म्हणजे स्नॉर्केलिंग. पाठीवर दाबलेल्या हवेचं सिलिंडर बांधून खाली जाणं म्हणजे स्कूबा डायव्हिंग.

## रंग जातात कुठे?

सूर्यप्रकाशातले सगळे रंग पाण्यात सारखे खोल जात नाहीत. लाल सगळ्यात आधी शोषला जातो. पाच-सहा मीटरवरच लाल टी-शर्ट मळकट तपकिरी दिसतो. दहा मीटरच्या आसपास नारिंगी मावळतो, त्याच्याखाली पिवळा, आणि शेवटी निळा उरतो. खोल पाण्यात बोट कापलं तर रक्त हिरवट-काळं दिसतं.

बहुतेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट पुढेच आहे. इथे खोली मोजून भागत नाही, प्रकाशाने पाण्यात कापलेलं एकूण अंतर मोजावं लागतं. मासा तीन मीटर खोल आहे आणि तुम्ही त्याच्यापासून तीन मीटर लांब आहात, तर प्रकाश सहा मीटर पाणी कापून डोळ्यात येतो. म्हणजे लाल गेलाच. त्याच माशाजवळ हळूहळू अर्ध्या मीटरवर गेलात तर लाल परत येतो. जवळ जाणं हाच पाण्यातला दिवा. स्कूबावाले भरदिवसा हातात टॉर्च ठेवतात तेही यासाठीच. दहा मीटरवर करड्या वाटणाऱ्या कपारीत टॉर्च मारला की आतले स्पंज शेंदरी निघतात.

फोटोतले रंग खोटे असतात का? अगदी खोटे नसतात. कॅमेऱ्याला लाल फिल्टर लावलेला असतो, फ्लॅश जवळून मारलेला असतो किंवा नंतर रंग वाढवलेले असतात. डोळ्याला ते त्या खोलीवर दिसत नाहीत, इतकंच.

यावरून एक निष्कर्ष निघतो आणि तो पर्यटनाच्या जाहिरातींच्या उलटा आहे. निव्वळ रंग बघायचे असतील, तर दोन-तीन मीटर पाण्यातलं साधं स्नॉर्केलिंग बारा मीटरवरच्या स्कूबापेक्षा सरस ठरतं. खोल गेलं म्हणजे जास्त दिसलं, असं काही नसतं.

## मालवणचं पाणी गढूळ का आणि लक्षद्वीपचं काचेसारखं का?

मालवणच्या किनाऱ्यावर कर्ली, गड अशा नद्यांचा गाळ येतो. त्यात सूक्ष्म तरंगत्या जिवांची, म्हणजे प्लवकांची भर पडते. त्यामुळे बरा दिवस असला तरी पाच-सहा मीटरपलीकडे दिसणं कठीण होतं. लक्षद्वीप ही प्रवाळांनीच घडवलेली बेटं आहेत. तिथे नदी नाही, म्हणून गाळही नाही.

पण स्वच्छ पाणी म्हणजे समृद्ध पाणी, असा अर्थ काढू नये. काचेसारखं पाणी हे एका अर्थी उपाशी पाणी असतं. त्यात खतही कमी आणि प्लवकही कमी. कोकणच्या गढूळ पाण्यातच तारली आणि बांगड्याचे थवे पोसले जातात. मालवणात लांबवरचा देखावा बघायला जाऊ नये. तिथे हातभर अंतरावरचं निरखायचं असतं.

पाणी त्यातल्या त्यात नितळ मिळण्यासाठी दोन गोष्टी पाळाव्यात. पहिली वेळेची. सकाळी वारा जमिनीकडून येतो आणि समुद्र शांत असतो. दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा सुटतो, लाटा उठतात आणि तळचा गाळ ढवळला जातो. म्हणून आठ ते अकरा ही वेळ उत्तम, सूर्यही तोवर पुरेसा वर आलेला असतो. दुसरी गोष्ट तिथीची, आणि ती कुठल्याही कोळ्याला विचारा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती-ओहोटीचा ओढा जोरात असतो आणि पाणी गढूळ होतं. अष्टमीच्या पुढेमागे भांगाचे दिवस असतात, तेव्हा ओढा कमी आणि पाणी स्थिर. हॉटेल बुक करताना कॅलेंडरातली लाल सुट्टी बघतातच, सोबत तिथीही बघावी.

## मास्क, नळी आणि मिशी

उघड्या डोळ्यांनी पाण्यात सगळं पुसट दिसतं. आपल्या डोळ्याची बरीचशी ताकद हवा आणि बुबुळाचा बाहेरचा पडदा यांच्या सीमेवर असते. पाणी डोळ्याला टेकलं की ती सीमाच जाते. मास्क डोळ्यापुढे हवेचा कप्पा परत आणून देतो. त्याची किंमत म्हणून वस्तू एक तृतीयांशाने मोठ्या आणि पाव अंतराने जवळ दिसतात. तीन फुटी मुशी, म्हणजे लहान शार्क, चार फुटी वाटते. सांगणारा थापा मारत नसतो, त्याला खरंच तेवढी दिसलेली असते.

मास्क गळण्याचं कारण बहुतेक वेळा मास्कमध्ये नसतं, चेहऱ्यावर असतं. पट्टा न लावता मास्क तोंडावर ठेवा, नाकाने हलका श्वास ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर माप बरोबर. कपाळावरची एखादी बट कडेखाली अडकली तरी पाणी आत येतं. मिशी हे तर आपल्याकडचं कायमचं दुखणं आहे. नाकाखाली वरच्या ओठालगतची बारीक पट्टी काढली किंवा तिथे सिलिकॉनचं ग्रीस चोपडलं की बरंचसं भागतं. पट्टा करकचून आवळू नये. त्याने कड मुडपते आणि गळती वाढते.

नवा मास्क पुन्हा पुन्हा धुकट होतो, कारण काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो. साध्या पांढऱ्या टूथपेस्टने तो आतून दोन-तीनदा घासून काढावा. नंतर दर वेळी पाण्यात उतरण्याआधी काचेला आतून थुंकी चोळून एकदा विसळायचं. ऐकायला किळसवाणं आहे, पण जगभरचे डायव्हर हेच करतात.

नळी हातभरच लांब का असते, मीटरभर लांब घेऊन खाली का बसता येत नाही? दोन कारणं आहेत. एक मीटर खोलीवर छातीवर पाण्याचा जो दाब पडतो, त्याच्या विरुद्ध फुप्फुसं फुगवणं जवळपास अशक्य असतं. शिवाय नळी लांब झाली की सोडलेली हवाच परत आत येते. नळी गच्च धरण्यासाठी दात आवळू नयेत, ओठांनी धरावी. पाणी आत शिरलं तर घाबरून मान वर काढण्याऐवजी “टू” म्हणत जोरात फुंकावं, पाणी वरून उडून जातं.

## श्वास: सगळं बिघडतं ते इथे

नवखा माणूस पाण्यात भराभर आणि उथळ श्वास घेतो. त्याने धाप लागते, पाय सायकल चालवल्यासारखे हलतात, तळचा गाळ उडतो आणि आसपासचे मासे निघून जातात. म्हणजे काही न दिसण्याचं मोठं कारण आपण स्वतःच असतो. उतरल्यावर पहिली दोन मिनिटं दोर किंवा रिंग धरून नुसतं तरंगावं. चार मोजत श्वास आत आणि सहा मोजत बाहेर, एवढंच करावं. पाय नंतर हलवायचे, तेही मांडीतून, सावकाश आणि गुडघा न मोडता.

स्कूबात हाच फरक आकड्यांत दिसतो. नेहमीच्या बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार (बार हे दाबाचं एकक) दाबाने सुमारे २,४०० लिटर हवा असते. ५० बार राखीव ठेवले तर वापरायला १,८०० लिटर उरतात. शांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला सुमारे १५ लिटर घेतो. दहा मीटरवर दाब दुप्पट असतो, म्हणून तिथे ३० लिटर लागते आणि हवा तासभर पुरते. घाबरलेला माणूस तिथेच ७०-८० लिटर ओढतो आणि साधारण २५ मिनिटांतच त्याला वर यावं लागतं.

दाबाचा नियम सोपा आहे. समुद्रात दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. त्यातून दोन काळज्या येतात. पहिली कानाची. कान पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच जास्त दुखतात, कारण दाबातला तुलनात्मक बदल तिथेच सर्वांत मोठा असतो. दुखायची वाट न बघता अर्ध्या मीटरपासूनच नाक चिमटीत धरून हलकी फुंकर मारायची आणि दर मीटरला ते पुन्हा करायचं. तरी दुखलं तर मीटरभर वर यायचं आणि परत करायचं, जोर लावायचा नाही. सर्दी असेल तर त्या दिवशी डाइव्ह नाही. नाकातले थेंब टाकूनही नाही, कारण त्यांचा असर पाण्याखाली ओसरला तर वर येताना हवा कोंडते.

दुसरी काळजी जिवावरची आहे. सिलिंडरची हवा घेताना श्वास कधीही रोखून धरायचा नाही. दहा मीटरवर भरलेली फुप्फुसं तशीच मिटून वर आलात, तर आतली हवा दुप्पट व्हायला बघते आणि फुप्फुस फाटू शकतं. वर येताना मिनिटाला नऊ मीटरपेक्षा वेग नको आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबा. खोल पाण्यात शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडायला हवा. सोडा वॉटरची बाटली झटकन उघडली की जे होतं, ते रक्तात व्हायला नको. म्हणूनच एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्ह केल्या असतील तर १८ तास विमानात बसत नाहीत. अगत्तीहून परतीचं तिकीट काढताना हे बऱ्याच जणांच्या ध्यानात राहत नाही. खोल डाइव्ह करून त्याच संध्याकाळी गाडीने घाट चढणंही याच कारणासाठी टाळतात.

## प्रवाळ: दगड नव्हे, झाडही नव्हे

खाली दिसणारे गोल दगड, फांद्या, ताटल्या हे सगळे प्राणी आहेत. एकेक प्राणी काही मिलिमीटरचा असतो. मध्ये तोंड आणि भोवती बारीक भुजा. त्याला पॉलिप म्हणतात. असे हजारो पॉलिप शेजारी शेजारी राहतात आणि आपल्या खाली चुनखडीचं घर बांधत जातात. गिरगावातल्या जुन्या चाळीसारखं समजा, भिंतीला भिंत लागून बिऱ्हाडं.

या चाळीत भाडेकरूही असतात. पॉलिपच्या पेशींमध्ये सूक्ष्म शेवाळ राहतं. ते उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं, काही जातींत यजमानाच्या गरजेच्या नव्वद टक्क्यांपर्यंत, पॉलिपला देतं. घरमालकाला भाडेकरूच जेवू घालतो. प्रवाळाला उथळ, उबदार आणि उजेडाचं पाणी का लागतं, याचं उत्तर हेच. प्रवाळांचा तपकिरी किंवा शेवाळी रंगही प्रामुख्याने या भाडेकरूंचा.

फांद्यांची प्रवाळं वर्षाला दहा सेंटिमीटरपर्यंत वाढतात. मालवणातही आढळणारं पोराइट्स नावाचं गोल, टणक प्रवाळ मात्र वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर. मीटरभर उंचीचा एखादा गोळा लोकमान्य हयात असताना रुजलेला असू शकतो. त्यावर बूट टेकवून फोटो काढणाऱ्याला हे सांगितलेलं नसतं.

## बघायचं कुठे आणि कसं

एकच खडक निवडा आणि त्याच्यापाशी दहा मिनिटं थांबा. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. नवखा माणूस पोहत पुढे पुढे जातो आणि पळणारे मासे बघतो. थांबलेल्या माणसाभोवती तीन-चार मिनिटांत व्यवहार पुन्हा सुरू होतात.

सुरुवात कानाने करा. पाण्यात डोकं घातल्यावर सगळीकडून मोहरी तडतडल्यासारखा आवाज येतो. तो होडीचा नसतो. तुमच्या कानातही काही बिघडलेलं नसतं. बोटभर लांबीच्या पिस्तुल कोळंब्या आपला मोठा आकडा इतक्या वेगाने मिटतात की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो, त्याचा तो आवाज. दिशा कळत नाही, कारण पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून वेगाने येतो आणि दोन्ही कानांना जवळजवळ एकाच क्षणी पोचतो.

वाळूतल्या बिळाच्या तोंडाशी एखादा लहानसा गोबी मासा बसलेला दिसला तर हलू नका. अशाच एका जातीची कोळंबी त्या बिळात राहते. तिला नीट दिसत नाही. ती सतत वाळू उपसत असते आणि एक मिशी माशाला टेकवून ठेवते. मासा शेपूट थरथरवतो आणि दोघंही आत गडप होतात. ती घर खणते, तो राखण करतो.

लक्षद्वीप-अंदमानात बारीक, निळा-काळा, अंगावर आडवी पट्टी असलेला मासा एखाद्या खडकापाशी नाचताना दिसेल. ते खडकावरचं सलून आहे. मोठे गोब्रे, पोपट मासे तिथे येऊन स्थिर होतात, तोंड आणि कल्ले उघडतात. तो मासा आत शिरून परजीवी टिपतो. गिऱ्हाईक रांग लावतात, शिकारी माशाचा जबडा उघडाच राहतो आणि न्हावी सुखरूप बाहेर येतो. त्याच्यासारखाच दिसणारा एक भामटाही असतो. तो जवळ जाऊन सफाईऐवजी लचका तोडतो. गिऱ्हाईक दचकून पळालं तर समजा की भामटाच होता.

समुद्रफुलात (हे फूल म्हणजे भुजांचा एक प्राणीच) राहणारा नारिंगी-पांढरा क्लाउनफिश सगळ्यांना माहीत असतो. कमी माहीत असलेली गोष्ट त्याच्या घरातली आहे. एका फुलात सर्वांत मोठी ती मादी, दुसरा नर, बाकी सगळे अजून ना नर ना मादी. मादी मेली की नरच मादी होतो आणि पुढचा त्याच्या जागी सरकतो.

पोपट माशाचे दात चोचीसारखे जुळलेले असतात. तो खडकावरचं शेवाळ आणि त्यासोबत प्रवाळाचा थर खरवडतो. तो कुरकुर आवाज स्पष्ट ऐकू येतो. चुनखडी पोटात दळली जाते आणि मागून पांढरी वाळू पडते. मोठ्या जातीचा एक मासा वर्षाला शेकडो किलो वाळू तयार करतो. लक्षद्वीपच्या पांढऱ्या किनाऱ्यावर अंथरूण टाकून पहुडताना हे आठवलं तर हसू येईल, पण बिघडत काही नाही.

गोल पोराइट्सवर नाताळच्या झाडासारखे निळे, पिवळे, लाल तुरे दिसतात. ते किडे आहेत, नळीत राहणारे. तुमची सावली पडली की ते झटकन आत ओढले जातात. ही आपली छोटी परीक्षाच समजा. तुरे न मिटता त्यांच्या हातभर जवळ जाता आलं, तर तुमची हालचाल पुरेशी संथ झाली.

शिकार आणि लपाछपी बघायची तर नजर माशाच्या आकारावर ठेवू नका, डोळा शोधा. शेवाळ माखलेल्या धोंड्यावर एक वाटोळा डोळा दिसतो, आणि मग धोंड्याचा मासा होतो. वाळूत दोन फुगवटे आणि मागे काठीसारखी शेपटी दिसली तर ते पाकट. दगडाला लागून असलेली माती अचानक गुळगुळीत होऊन सरकली तर तो ऑक्टोपस. त्याला रंग दिसत नाहीत असं मानलं जातं, तरी तो भोवतालचे रंग क्षणात अंगावर आणतो.

## नाव काढताना रंगावर भरवसा नको

पोपट माशाची मादी बऱ्याचदा मळकट तपकिरी आणि नर हिरवा-निळा. एम्परर एंजलफिशच्या पिल्लावर गडद निळ्या पार्श्वभूमीवर पांढरी वर्तुळं असतात, मोठ्यावर पिवळे आडवे पट्टे. दोघं वेगळ्या जातीचे आहेत असं कोणीही शपथेवर सांगेल. म्हणून आधी शरीराचा आकार बघावा, मग शेपूट दुभंगलेली की गोल, तोंड वर वळलेलं की खाली, आणि तो नेमकं काय करत होता. रंग सगळ्यात शेवटी. फोटो असेल तर आयनॅचरलिस्टसारख्या ॲपवर टाकला की जाणकार ओळख पटवून देतात. आपल्या मच्छीबाजारातलं ज्ञानही इथे कामी येतं. शेवंड, केंड, वाम, तांबोशी, म्हाकूल हे टोपलीत ओळखणाऱ्याला पाण्यात निम्मं आधीच येत असतं.

## “पण मला पोहता येत नाही”

लाइफ जॅकेट घालून, दोराला धरून स्नॉर्केलिंग होऊ शकतं. प्रशिक्षकाने हात धरून नेलेली ओळखीची डाइव्हही होते, तिची मर्यादा बारा मीटर. पण पोहणं न येणाऱ्याचं लक्ष स्वतःला सावरण्यातच जातं आणि मासे राहून जातात. चार दिवस तलावात नुसतं पालथं तरंगायला शिकून गेलात तर सहलीचे पैसे वसूल होतील. स्कूबाचा पहिला परवाना घेताना २०० मीटर पोहणं (किंवा मास्क, नळी आणि फिन्स घालून ३०० मीटर) आणि दहा मिनिटं तरंगणं करून दाखवावंच लागतं.

दमा, फिट, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण यांपैकी काही असेल तर फॉर्मवर डोळे झाकून “नाही” वर खूण करू नका. पाण्याखाली त्याची किंमत मोजावी लागते. फॉर्मच न देणाऱ्या होडीत बसू नये, हे वेगळं सांगायला नको.

## “शार्क, साप, विंचूमासे... धोका नाही का?”

प्रवाळांतल्या ब्लॅकटिप आणि व्हाइटटिप मुशी माणूस दिसला की वळून जातात. अंदमानात दिसणारा पट्टेरी समुद्रसाप अतिविषारी आहे खरा, पण स्वभावाने शांत. पकडायला गेल्याशिवाय तो सहसा चावत नाही. जखमा बहुतेक अशांच्याकडून होतात ज्यांच्याकडे लक्षच गेलेलं नसतं. साळिंदरासारखा काटेरी समुद्री अर्चिन, वाळूतलं पाकट, आणि दगडच वाटणारा स्टोनफिश. उथळ पाण्यात चालताना पाऊल उचलून टाकू नये, वाळूत घासत पुढे न्यावं, म्हणजे पाकट आधीच निघून जातं. स्टोनफिश किंवा लायनफिशचा काटा लागला तर तो भाग सोसेल तितक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा आणि ताबडतोब दवाखाना गाठावा. आणि सुंदर नक्षीचा शंकूच्या आकाराचा जिवंत शंख उचलू नये. त्यातल्या काही जातींचा डंख माणसाला मारू शकतो.

पिवळ्या-काळसर अंगाचा टायटन ट्रिगरफिश घरट्यावर असताना मात्र खरोखर अंगावर येतो. तो आपली हद्द घरट्यापासून वर रुंद होत जाणाऱ्या नरसाळ्यासारखी मानतो. घाबरून सरळ वर गेलात तर त्याच्या हद्दीतच राहता. आडवं पोहत बाहेर पडा.

## “ब्रेड टाकला की मासे येतात, मग वाईट काय?”

येतात ते बहुतेक पट्ट्यांचे सार्जंट मासेच. त्यांचा गराडा पडला की बाकीचे दूर राहतात आणि फोटोत तेच दिसतात. वर ते इतर माशांची अंडीही फस्त करतात. म्हणजे पावाच्या तुकड्याने तुम्ही बघण्यासारखं सगळं पळवून लावता. न दिसण्याच्या गाऱ्हाण्याचं एक कारण होडीवरच्या पिशवीत असतं.

सनस्क्रीनमधली काही रसायनं प्रवाळाला अपायकारक मानून हवाईने २०१८ मध्ये कायदा केला आणि ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनची विक्री २०२१ पासून थांबवली. पण प्रवाळाला खरा मार बसतो तो पाणी तापण्याचा. तरी सोपा उपाय हाताशी आहे, पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट. पालथं तरंगताना मान आणि पोटऱ्या भाजतात, तेही वाचतं. प्रवाळाचा तुकडा खिशात घालून आणणं हा तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हाच आहे, मग तो तुकडा किनाऱ्यावर मेलेला का सापडेना.

## पांढरं प्रवाळ दिसलं तर

वर सांगितलेले भाडेकरू शेवाळ उष्णता सहन करत नाहीत. पाणी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखाद अंशाने जास्त तापलं आणि तसंच काही आठवडे राहिलं, की पॉलिप त्यांना बाहेर काढतो. मग पारदर्शक पॉलिपमधून खालची चुनखडी दिसते आणि प्रवाळ पांढरंफेक होतं. याला ब्लीचिंग म्हणतात. १९९८, २०१० आणि २०१६ या मोठ्या लाटांनंतर एप्रिल २०२४ मध्ये जगभरातली चौथी लाट जाहीर झाली. त्याच उन्हाळ्यात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेला लक्षद्वीपमध्ये मोठ्या प्रमाणावर पांढरी पडलेली प्रवाळं आढळली.

इथे डोळा फसतो, आणि उलट्या बाजूने फसतो. तपकिरी, मोहरी, शेवाळी असं निस्तेज दिसणारं प्रवाळ निरोगी असतं, आणि पर्यटक त्यालाच मेलेलं समजतो. झगमगीत पांढरं किंवा चमकदार जांभळं-निळं झालेलं उपाशी असतं आणि सगळे त्याचेच फोटो काढतात. फांद्यांची फक्त टोकं पांढरी असतील तर काळजी नाही, ती वाढीची नवी टोकं. अंगावर जागोजागी छोटे पांढरे ओरखडे असतील तर पोपट माशाचे दात. पांढऱ्यावर हिरवट-तपकिरी लव चढली असेल तर ते मेलं. निव्वळ पांढरं असेल तर अजून जिवंत आहे. पाणी लवकर निवलं तर भाडेकरू परत येतात.

“पुन्हा वाढेलच की” हा युक्तिवाद अर्धा खरा आहे. फांद्यांच्या प्रवाळाला सावरायला दहा-पंधरा वर्षं लागतात. वर दिलेल्या लाटांमधली अंतरं मोजा: बारा, सहा, आठ. लक्षद्वीपमध्ये १९९८ पासून नोंदी ठेवणाऱ्या नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या अभ्यासकांना तिथलं जिवंत प्रवाळ जवळपास निम्म्यावर आलेलं दिसलं.

## होडी परवडत नसेल तर

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे आणि त्यात सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग येतो. तिथे जाणं जमलं नाही तरी मुंबईकरांना लोकलच्या तिकिटात सुरुवात करता येते. हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर प्रवाळं होती आणि आहेत. किनारी रस्त्यासाठी २०२० मध्ये तिथल्या १८ वसाहती हलवाव्या लागल्या, तेव्हा अनेकांना हे पहिल्यांदा कळलं. मरीन लाइफ ऑफ मुंबई हा नागरिकांचा गट २०१७ पासून जुहू, हाजी अली अशा ठिकाणी ओहोटीच्या वेळी लोकांना घेऊन जातो.

इथे मात्र तिथीचा हिशेब उलटा. भांगाला पाणी फारसं उतरत नाही, म्हणून अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांची उधाणाची ओहोटी गाठायची. पाणी सर्वांत खाली जाण्याच्या तासभर आधी पोचायचं आणि उतरत्या पाण्यामागून चालायचं, पाणी वळलं की किनाऱ्याकडे. पायात तळ न घसरणारे बंद बूट हवेत, चप्पल शेवाळावर टिकत नाही. डबक्यावर आपली सावली पडणार नाही अशा बाजूला उकिडवं बसायचं. दगड उचललाच तर अलगद, आणि खालची बाजू खाली करून होता तसाच ठेवायचा, कारण तिथे अंडी चिकटवलेली असतात आणि ऊन लागलं तर तासाभरात वाळतात.